अर्ध्या नदीवर थांबणारा देव

आमच्या घरात वेळ कळायची ती मानशीच्या दारावरून. मानस म्हणजे खाजन शेताच्या, नदीकाठच्या खाऱ्या भातजमिनीच्या, बांधात बसवलेली लाकडी झडपांची वाट. भरती चढली की नदी बाहेरून रेटते आणि झडपा मिटतात; ओहोटी लागली की आतलं पाणी त्या उघडून बाहेर निघतं. मिटताना होणारा तो जाड, ओला आवाज शेतावरून, माडांमधून, खिडकीतून थेट माझ्या उशीपर्यंत यायचा, आणि चुलीपाशी बसलेली आई म्हणायची, "न्हंय इली." नदी म्हणजे दारात पाहुणी आल्यासारखी. मग काही वेळ सगळं घर पाण्यात बुडाल्यासारखं स्तब्ध. पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंपूसुद्धा लांबून, पाण्याखालून वाजल्यासारखा वाटायचा. खाजनातल्या कोरगुट तांदळाची पेज, तिच्यात खारवलेल्या तोराची, कोवळ्या कैरीची, फोड, आणि आई ओहोटीला चिखलात उतरली असेल तर खोबरं-तिरफळ घातलेले खुबे, चिखलातले शिंपले. नदीचीच चव होती त्यांना, थोडी खारट, थोडी मातीची. आज पणजीत भाड्याच्या खोलीत पाव-भाजी खाताना ती जिभेवर येते आणि मला कुणावर तरी रागवावंसं वाटतं. कुणावर ते मला नीट ठाऊक आहे, आणि ते मी पुढे सांगणारच आहे.

आई म्हणते, तिशी उलटली नाही आणि आठवणी कसल्या लिहितेस? म्हाताऱ्यांचं काम ते. तिचं बरोबर असेल. पण ज्या नद्यांकाठी आम्ही वाढलो त्या मी म्हातारी व्हायची वाट बघतील याची खात्री नाही, म्हणून मी घाई करते आहे. शिवाय मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकाच्या एका पानात राग मावतो, पण ते घर, ते पाणी नाही मावत.

आमचा गाव पेडणे तालुक्यात. धारगळच्या हमरस्त्यावरून आत उतरलं की काजूंच्या डोंगराखाली, शापोरा नदीच्या काठाला. आमच्या काठाला अलतड म्हणायचं आणि पलीकडच्या काठाला पलतड. पलतड दुसऱ्या तालुक्यात आणि आईचं माहेर. तिथून ती होडीत बसून लग्न होऊन आली, आणि संध्याकाळी सोप्यावर बसली की तिच्या भावाच्या घरचा दिवा तिला दिसायचा. दिवा उशिरा लागला तर ती अस्वस्थ व्हायची. मामा पूर्वी डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. वरून कुठून तरी हुकूम आला, खाणी बंद पडल्या, आणि त्याचा ट्रक अंगणात निळ्या ताडपत्रीखाली झोपला. मामा त्या ट्रकाला रोज बघायचा, पण त्याविषयी बोलायचा नाही. एकदाच म्हणाला होता, "चालू करताना कोणी इचारल्यान नाय, बंद करताना पण नाय."

मामा पलतडच्या देवळाचा मानकरी. आणि माझे बाबा अलतडच्या. आमचा देव भाऊ आणि त्यांची देवी बहीण, म्हणून वर्षातून एकदा, भातं कापून खाजन मोकळं झालं की, देव पालखीतून बहिणीला भेटायला नदी ओलांडून जायचा. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता ते पाहिलं की स्वप्नात आलं, ते वेगळं करता येत नाही. पालखी होडीत ठेवायची, होडी वल्ह्यांनीच न्यायची, इंजिन लावायचं नाही. ढोल-ताशे मागच्या होडीत. आणि नदीच्या बरोबर मध्यावर आलं की बाबा हात वर करायचे. वल्ही आत. ढोल बंद. एवढी नदी आणि एवढी माणसं, पण एक आवाज नाही; फक्त होडीच्या पोटाला पाणी चाटायचं तेवढं. बाबा पाण्यात नारळ सोडायचे आणि सगळे पलतडकडे बघत बसायचे. तिथे काठावर मामा पांढरा पंचा नेसून उभा. तो थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग हाक घालायचा, "येवा!" त्या हाकेशिवाय देव पुढे जात नसे. लहानपणी मी विचारलं होतं, देवाला कुणी अडवलंय? बाबा म्हणाले, "अडवूक नाय गो. मधी माजो देव संपता. पुढे तेंचो. दुसऱ्याच्या घरात देव जरी झालो तरी इचारून जाता."

त्या वर्षी मी म्हापशाच्या कॉलेजात होते. दिल्लीने कायदा करून देशभरातल्या कितीतरी नद्या राष्ट्रीय जलमार्ग ठरवल्या, त्यांत आमच्या गोव्यातल्याही होत्या आणि त्यांत शापोराही होती. आम्हाला ते कळलं कसं? एका सकाळी एक लाँच आली, दोरीने खोली मोजली, आणि दोन्ही काठांवर लाल फडकी बांधलेले बांबू ठोकून गेली. आईने तिच्या खुब्यांच्या जागी बांबू बघितला आणि तो उपटून घरी आणला, तोर वाळवायला बरा म्हणून. नंतर पंचायतीत सांगितलं की माल उतरवायची जेटी होणार, नदीचा तळ खोदून खोल करणार, दोन्ही गावांनी आपलं म्हणणं कळवावं. बोलता बोलता हेही सांगून टाकलं की जो काठ हरकत घेणार नाही, त्या काठावर जेटी.

तळ खोदला की बांध खचून बसणार. बांध बसला की खारं पाणी कायमचं आत. मग मानस नाही, कोरगुट नाही, खुबे नाहीत. यात समजायला अवघड काय आहे? मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

म्हापशाला एक तरुण वकील होते. त्यांनी नद्यांसाठी समिती काढली होती. मी तिच्यात गेले. शुक्रवारच्या बाजारात मिरच्या आणि केळ्यांच्या राशींमधून आम्ही पत्रकं वाटायचो. वकिलांनी मला राज्यघटनेचं सातवं परिशिष्ट वाचायला दिलं. केंद्राचे विषय एका सूचीत, राज्यांचे दुसरीत, दोघांचे तिसरीत. मी ते बसमध्ये वाचायची, आणि कंडक्टरने "धारगळ, धारगळ" म्हणून हटकलं की जाग आल्यासारखी उतरायची. तोपर्यंत मला वाटायचं की दिल्ली म्हणजे सगळ्यांच्या वर, तिला काय हवं ते करता येतं. नाही. तिलाही कुंपण आहे. जमीन राज्याची. मासेमारी राज्याची. पाणीसुद्धा काही अटी घालून राज्याचंच. संसदेने जलमार्ग जाहीर केला की त्यावरची वाहतूक केंद्राची, पण तीही यंत्रावर चालणाऱ्या बोटींपुरती. कुणीतरी बसून, विचार करून या रेघा ओढल्या होत्या, आणि आता रेघा ओढणाऱ्यांचे वारस त्या पुसत चालले होते, आणि पणजी त्यांना फडकं पुरवत होती. माझ्या पहिल्या पत्रकात हे वाक्य होतं. वकिलांनी फडकं काढायला सांगितलं. मी काढलं नाही.

घरी सोप्यावर मी बाबांना हे सगळं समजावलं. ते जाळ्याची गाठ मारत ऐकत होते.

"म्हणजे बोटी दिल्लीच्यो," ते म्हणाले, "आनि चिखल आमचो?"

"तसंच."

"मगे चिखल आमचो तर तो खोदतलो कोण?"

"तेच तर विचारायचंय, बाबा."

"आनि देवाची होडी? तिका इंजिन नाय."

"ती दिल्लीच्या यादीत येत नाही."

बाबा हसले. "बरां झालां. देव सुटलो."

आई आतून म्हणाली, "देव सुटलो, पण माजे खुबे नाय सुटले."

वकिलांना घाई होती. दोन्ही गावांचा मिळून एकच विरोध दिसला तर वजन पडेल, असं त्यांचं म्हणणं. ते आमच्याकडे आले, सोप्यावर बसून आईच्या हातची सोलकढी प्याले आणि बाबांना विचारलं, पलतडची माणसं आपल्याबरोबर आहेत ना? बाबांनी आईकडे बघितलं, पलीकडच्या दिव्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "तेंचां आमचां काय वेगळां असा? माजी सासुरवाडी ती. घाला नाव." ज्या माणसाने जन्मभर नदीच्या मध्यावर होडी थांबवली, त्यानेच त्या संध्याकाळी घरात बसल्या बसल्या नदी ओलांडली. सोयरीक इतकी जवळची की काठ दिसेनासा झाला. पत्रकावर मोठ्या अक्षरांत आलं, दोन्ही काठांचा एकमुखी विरोध, आणि खाली दोन्ही गावांची नावं.

पत्रक पलतडला पोचलं त्या संध्याकाळी मामाचा दिवा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी आई होडीने जाऊन आली. काठावर उतरली तेव्हा पदर कमरेला घट्ट खोचलेला होता, आणि मासळीवाल्याशीसुद्धा बोलली नाही. जेवण वाढताना तिने बाबांना सांगितलं. त्यांच्या देवळात बैठक झाली. तरुण पोरं म्हणत होती, जेटी आली तर ट्रकांना भाडी मिळतील, ताडपत्र्या निघतील. मामा त्यांना थोपवून धरत होता. तेवढ्यात पत्रक आलं. "दादा म्हणता, आमच्या तोंडान बोलूक तुमका कोणी सांगल्यान? दिल्लीन इचारूक नाय, पणजीन इचारूक नाय, आनि आता भावोजींनी पण नाय. मगे आमी हरकत घेवचीच नाय. येव दी जेटी."

"रागान बोललो आसतलो," बाबा म्हणाले.

"रागान बोललो. पण सभेत बोललो," आई म्हणाली. "आनि तुमी जेवा. थंड जाता."

मी भडकले. एका शब्दासाठी नदी घालवायची? मी मामाला तेव्हा जे काय म्हटलं ते सगळं इथे लिहीत नाही. त्यातलं हट्टी हा सर्वांत सौम्य शब्द.  बाबा बांधावर जाऊन बसले. भरती लागली, मानशीचं दार मिटलं, अंधार पडला, तरी तिथेच बसून राहिले.

पालखीचा दिवस आला. सकाळपासून ऊन मवाळ, नदीवर धुक्याची साय. आईने मिश्र भाज्यांचं खतखतं केलं, त्याचा वास घरभर. होडीला आंब्याची पानं आणि अबोलीच्या माळा. मी ढोलांच्या होडीत बसले. आई काठावर थांबली. माहेरी जायचा दिवस असूनही ती त्या दिवशी होडीत चढली नाही. वकील त्यांच्या मित्राच्या इंजिनाच्या होडीतून थोडं अंतर राखून येत होते, मोबाइलवर चित्रण करायला. दोन काठांची एकजूट दिसेल असं त्यांना वाटत होतं.

मध्यावर बाबांनी हात वर केला. वल्ही आत आली. ढोल थांबले. नारळ पाण्यात गेला, एकदा बुडाला, वर आला आणि हळूहळू खाली वाहत निघाला. पलतडला माणसं जमली होती. पांढऱ्या पंच्यातला मामाही होता.

हाक आली नाही.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. धुकं विरलं. पाण्यावर डोंगराची सावली होती, ती सरकत होडीपर्यंत आली. ओहोटी लागली होती. होडी आपोआप खाली ओढली जायची आणि वल्हेकरी आवाज न करता तिला पुन्हा जागेवर आणायचे. देव चांदीच्या डोळ्यांनी समोर बघत होता. मला आठवतं, एक बगळा पलतडच्या लाल फडक्याच्या बांबूवर बसला होता आणि सगळ्या नदीत तेवढाच निवांत होता.

इंजिनाची होडी जवळ आली. वकील हळूच म्हणाले, "काका, चला ना पुढे. नदी सार्वजनिक आहे. कुणाला अडवायचा हक्क नाही. आणि थोड्या वेळाने होडी चिखलात रुतेल."

"रुतू दी," बाबा म्हणाले.

"पण मागे तरी वळा."

"मागे कसो वळान? इचारूक इलंय. उत्तर येयपर्यंत रवूक होया."

मग ते उभे राहिले. होडी डुलली, कुणीतरी पालखी धरली. दोन्ही हात जोडून, तोंड पलतडकडे करून, त्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं नेहमी देवळात घालतात, देवाकडे तोंड करून. मानकरी मागणं सांगतो आणि गाव प्रत्येक ओळीला होकार भरतो. पाण्यावर, पाठ देवाकडे करून घातलेलं मी तेवढं एकच ऐकलं.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा," आमच्या होड्यांतून.

"पलतडच्या गावाक न इचारता तेंचां नाव आमी आमच्या तोंडार घेतलां. सोयरे म्हणान घेतलां, मोठेपण म्हणान नाय, पण घेतलां. तां चुकला..."

"होय म्हाराजा."

"तेंचो काठ तेंचो. तेंचो सबद तेंचो. तेनी जेटी होयी म्हटली तर ती तेंची बुद्धी, नको म्हटली तरी तेंचीच..."

इथे आमच्या होडीतून कुणी होकार भरला नाही. मीसुद्धा नाही. जेटी होयी? हे बाबा काय बोलतायत? सगळी लढाई एका ओळीत पाण्यात सोडतायत? बाबा थांबले. त्यांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं नाही. वाट बघत राहिले.

आणि मग पलतडवरून, पाणी ओलांडून, एकच आवाज आला. मामाचा.

"होय म्हाराजा."

त्याच्यामागून दुसरा, तिसरा, मग सगळा काठ. बाबांनी पुढची ओळ घातली, "हाक येयपर्यंत आमका हयच रवची बुद्धी दी," आणि तिला दोन्ही काठांनी होकार भरला. दोन्हीकडून आलेले आवाज पाण्यावर मध्यभागी एकमेकांत मिसळले, आमच्या डोक्यावर. त्यानंतर मी सभा पुष्कळ पाहिल्या, मोर्चे पाहिले, घोषणा स्वतः दिल्या. असा आवाज पुन्हा ऐकला नाही.

मामाने थोडा वेळ जाऊ दिला. मग म्हणाला, "येवा."

आमच्या ग्रामसभेने आमचा ठराव केला. मी लिहिला, सातव्या परिशिष्टासकट. पलतडच्या ग्रामसभेने आठवडाभर वाद घातला. ट्रकवाली पोरं जोरात बोलली, आणि त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. शेवटी हरकत घ्यायचं ठरलं. ठराव मामाने सांगितला आणि त्यांच्या गावच्या मुलीने लिहिला. त्यात परिशिष्ट नव्हतं. त्यात होतं की आमच्या काठाविषयी बोलायचं तर दिल्लीने, पणजीने, म्हापशाच्या समितीने आणि अलतडच्या गावाने आम्हाला विचारावं, आम्ही काय ते सांगू. आज विचाराल तर नको. वकिलांना शेवटच्या दोन नावांचं वाईट वाटलं. मलाही वाटलं, त्या दिवशी. आता मी नव्या मुलांना पत्रक कसं लिहावं ते शिकवते, तेव्हा आधी हे वाचून दाखवते.

आम्ही जिंकलो असं मी लिहिणार नाही. जेटी आमच्या कुठल्याच काठावर अजून आलेली नाही. कायदा आहे तिथेच आहे, नदीचं नाव यादीत तसंच आहे, आणि पणजी अजून फडकं पुरवते. पण म्हणणं ऐकून घ्यायला दिल्लीचा साहेब आला होता तो दिवस मला सांगायचा आहे. त्याने एकच बैठक ठेवली होती, आमच्या पंचायतीत, दोन्ही गावांची. आमचं झाल्यावर तो घड्याळ बघत म्हणाला, समोरच्या गावाचे लोक कुठे आहेत? त्यांनी निरोप पाठवला होता: आमचं ऐकायचं तर आमच्याकडे या. वकील म्हणाले, साहेबांना उशीर होतोय, दोन्ही ठराव सारखेच आहेत, काकांनी दोन्हींवर सही केली तर चालेल. साहेबाने कागद बाबांपुढे सरकवला. बाबांनी खुर्ची मागे घेतली. "ती सही माजी न्हय," म्हणाले, आणि होडी सोडायला निघून गेले.

शेवटी साहेब होडीत बसला, मांडीवर बॅग, बूट हातात. मी त्याच्यासमोर, दुभाषी म्हणून. पाणी सपाट होतं, दुपार पेंगुळलेली. मध्यावर बाबांनी वल्हं आत घेतलं. साहेबाने माझ्याकडे बघितलं, मग पलतडच्या काठाकडे. तिथे मामा उभा होता, खाकी पँट आणि बनियनमध्ये, मागे काही माणसं.  मी त्याला हिंदीत सांगितलं, विचारावं लागतं.

तो हसला, मग हसायचा थांबला. होडीचा काठ धरून अर्धवट उभा राहिला आणि ओरडला, "मैं आ सकता हूँ?"

मामाने त्याला नीट न्याहाळलं.

"कशाक?" त्याने विचारलं.

मी भाषांतर केलं. आणि नदीच्या मध्यावर, अनवाणी, बॅग छातीशी धरून, दिल्लीचा साहेब तो कशासाठी आला आहे ते सांगू लागला.